कंपास सरांनी वह्या बंद केल्या

शाळेत त्यांचं खरं नाव फक्त पगारपत्रकावर होतं. एरवी सगळ्यांसाठी ते कंपास सर. वर्गामागून वर्ग शाळा सोडून गेले, पण नाव काही सुटलं नाही. भूमितीच्या तासाला सर फळ्याशी अर्धवट वळून उभे राहायचे, मुलांशी बोलता बोलता खांद्यातून हात फिरवायचे, आणि फळ्यावर वर्तुळ उमटायचं. रेघ कुठे सुरू झाली नि कुठे संपली, शोधून सापडायचं नाही. नवीन आलेली पोरं मधल्या सुट्टीत कपाटातला मोठा लाकडी कंपास काढून ते तपासायची. सरांना हे ठाऊक होतं, म्हणून ते फळा पुसायचे नाहीत.

पण त्यांचं नाव होतं ते एवढ्यावर नव्हे. उत्तर चुकलेल्या मुलाला ते वर्गासमोर उभं करत नसत. त्याच्याच बाकावर शेजारी सरकून बसत, वही ओढून घेत, चुकलेल्या पायरीखाली लाल पेनानं बारीक रेघ मारत आणि म्हणत, "इथपर्यंत बरोबर आलास. इथे वाट चुकलास. मागे ये." कित्येक जणांच्या डोक्यात गणित शिरलं ते या "मागे ये"मुळे.

एका सकाळी वर्तुळाची दोन टोकं जुळली नाहीत.

वर्ग हसला, सरही हसले. "आज कंपास बिघडला," असं म्हणून त्यांनी डस्टर फिरवलं आणि पुन्हा काढायला घेतलं. या खेपेला रेघ पाण्यावरच्या लाटेसारखी आली. आता कुणी हसलं नाही, कारण सर हसले नव्हते. त्यांनी खडू ठेवला, हात पँटच्या खिशात घातला आणि उरलेला तास नुसता तोंडी शिकवला.

घरी बायकोला हे आधीच कळलं होतं. ती औषधांच्या दुकानात काउंटरमागे उभी असायची. चिठ्ठी पुढे करणारे हात दिवसभर बघून बघून तिला सवयच लागली होती. कप ठेवताना बशी किणकिणते, मानेजवळचं बटण लावायला आरशासमोर फार वेळ जातो, हे तिनं केव्हाच हेरलं होतं. महिनाभर ती गप्प राहिली. मग एकदा भाजी चिरता चिरता म्हणाली, "अहो, उद्या मी रजा टाकलीय. आपण डॉक्टरांना दाखवून येऊ."

डॉक्टरांनी कोरा कागद पुढे केला आणि जिलेबीसारखा गोल गोल वेढा काढायला सांगितलं. काढून झाल्यावर सरांनी स्वतःच त्या कागदावरून नजर काढून घेतली. दुखणं जिवावरचं नाही, डॉक्टर म्हणाले, पण पुरतं जाणारंही नाही. गोळ्यांनी थोडं आटोक्यात राहील. बारीक कामाला हात जास्त थरथरेल, आणि चारचौघांत, मनावर ताण आला की आणखी.

परतताना रस्ता ओलांडायला दोघं दिव्यापाशी थांबली.

"शाळेत हे कळता कामा नये," सर म्हणाले.

"का बरं? हात थरथरतोय. डोकं तर जागेवर आहे ना?"

"तुला नाही कळायचं. फळ्यासमोर उभं राहावं लागतं मला. सगळी पोरं हाताकडेच बघत असतात."

"म्हणूनच सांगून मोकळे व्हा. पोरं आंधळी नसतात."

"तू कुणाजवळ बोलणार नाहीस. शब्द दे."

तिनं शब्द दिला नाही. पण ती कुणाजवळ बोललीही नाही.

त्याच वर्षी शाळेत टॅब आले. शाळा चालवणाऱ्या मंडळानं ठरवलं होतं की कागदाचा पसारा कमी करायचा आणि सुरुवात गणितापासून करायची. एक माणूस टॅब दाखवायला आला, तेव्हा शिक्षकांच्या खोलीत सगळे खुर्च्या ओढून बसले. मुख्याध्यापिका, ज्यांना सगळी शाळा मोठ्या बाई म्हणे, पुढे बसल्या होत्या, जरा धास्तावलेल्याच. मागे कुजबुज चालू होती. बाकीचे ऐकतील हो, पण कंपास सर? ते खडू सोडायचे नाहीत.

त्या माणसानं पडद्यावर बोटानं काहीतरी वेडंवाकडं काढलं, अगदी बटाट्यासारखं. बोट क्षणभर तिथेच दाबून धरलं, आणि बटाट्याचं गरगरीत वर्तुळ झालं. "हात कसाही चालू द्या," तो म्हणाला, "आकृती सुबकच येणार."

सर खुर्ची पुढे सरकवून बसले.

मोठ्या बाईंनी विचारलं, "तर मग कुणाच्या वर्गापासून सुरुवात करू या?" जो तो दुसऱ्याकडे बघायला लागला. तेवढ्यात कंपास सर म्हणाले, "माझा वर्ग घ्या. शालान्त परीक्षेचा." मोठ्या बाईंचा जीव भांड्यात पडला. दुसऱ्या दिवसापासून सर शाळेत कौतुकाचा विषय झाले. या वयात माणूस किती नवं शिकतो बघा, असं लोक म्हणू लागले.

आणि खोटं कशाला बोला, शिकवणं खरंच रंगायला लागलं. समीकरणातला एक आकडा बदलला की आलेखावरची रेघ पोरांच्या डोळ्यांदेखत उभी व्हायची, आडवी व्हायची. एरवी जांभया देणारी मागच्या बाकावरची मंडळी "सर, उणे घालून बघू का?" असं आपणहून विचारायची. कुणाचं कुठे अडलंय ते सरांना आपल्या टॅबवर तत्क्षणी दिसायचं. सरांना वर्गात पुन्हा पूर्वीसारखं मोकळं वाटू लागलं. उजवा हात टेबलाखाली मांडीवर असायचा, डाव्या हाताच्या एका बोटानं काम भागायचं. गोळ्याही ते वेळेवर घेत होते.

मग हळूहळू त्यांनी वह्या बंद केल्या. आधी गृहपाठाच्या, मग चाचण्यांच्या. शेवटी कच्चं काम करायला घेतात ते सुटे कागदसुद्धा. "जे करायचं ते टॅबवर," ते सांगत. पोरांना काय, दप्तर हलकं झालं म्हणून ती खूशच होती.

दुसऱ्या तुकडीला गणित शिकवायला धाकट्या बाई होत्या. शाळेत नव्यानंच लागलेल्या, बोलायला भिडस्त, पण कामाला पक्क्या. टॅब त्यांच्याही वर्गात आले होते. एकदा मधल्या सुट्टीत त्या सरांच्या टेबलापाशी येऊन उभ्या राहिल्या.

"सर, एक विचारू? शालान्त परीक्षा तर कागदावरच आहे ना?"

"सध्या आहे."

"मी आठवड्यातून एकदा टॅब कपाटात ठेवते आणि पूर्ण पेपर हातानं लिहून घेते. तुमच्या तुकडीचाही बरोबरीनं घेऊ या का?"

"कशाला? गणित आलं की कागदावरही येतंच."

"येतं, पण लिहायचा वेग राहत नाही. शिवाय टॅब पुढची ओळ सुचवतो, कंस राहिला तर लाल करून दाखवतो. कागद काहीच सांगत नाही, सर. तिथे आपलं आपल्यालाच कळावं लागतं."

आजूबाजूच्या खुर्च्या ऐकत होत्या. सर मोठ्यानं म्हणाले, "कमाल आहे, बाई! आम्ही म्हातारे पुढे चाललोय आणि तुम्ही तरुण कागदाला चिकटून बसलात?"

खोलीत हशा पिकला. धाकट्या बाईंचा चेहरा लाल झाला. त्या डबा उचलून निघून गेल्या. सरही हसले होते, पण त्यांचं तोंड कडू झालं. बाई बोलल्या ते अक्षर न् अक्षर बरोबर होतं. दुसऱ्या कुणी वह्या बंद केल्या असत्या तर सर स्वतः हेच बोलले असते. पण लेखी पेपर म्हटला की तो तपासणं आलं, लाल पेन आलं. त्या हातानं मारलेली एकेक वाकडी रेघ पोरांच्या घरोघरी जाणार, आईबाप ती बघणार. ते त्यांना नको होतं.

सरांच्या तुकडीत एक मुलगी होती, तिला सगळे खोडरबर म्हणत. एकच ओळ दहादा खोडून लिहायची. तिचे वडील लिफ्ट दुरुस्त करायचे. त्यांच्याबरोबर लहानपणापासून यंत्रांचे आराखडे बघत आलेली ही पोरगी. आराखडे काढायला शिकवणाऱ्या पदविकेला जायचं, हे तिनं मनाशी पक्कं करून टाकलं होतं. त्यासाठी गणितात बऱ्यापैकी गुण हवे होते. टॅबवर तिचं छान चाललं होतं. तरी परीक्षा जवळ आल्यावर एक दिवस वर्ग सुटताना तिनं व्हरांड्यात सरांना गाठलं. हातात नवीकोरी वही होती.

"सर, मी घरी कागदावर सोडवून बघितलं. टॅबवर हेच गणित मला येतं, पण इथे तिसऱ्या ओळीलाच अडकते. कुठे चुकतंय, जरा लिहून दाखवता?"

तिनं वही उघडून पुढे केली, वर पेनही ठेवलं. सरांचा उजवा हात खिशात होता. त्या दिवशी तो सकाळपासूनच ऐकत नव्हता.

"वही कशाला आणलीस? टॅबवर पाठव, बघतो मी."

"पण टॅबवर चुकतच नाही ना, सर. कागदावरच चुकतं."

जाणारी दोन-चार पोरं थबकली. सरांना वाटलं, सगळे आपल्या खिशाकडेच बघताहेत.

"मग सोड तो कागद!" ते एकदम ओरडले. "शंभर वेळा सांगितलंय मी. दोन दगडांवर पाय ठेवायला बसलीयस? परीक्षा तोंडावर आलीय आणि ही थेरं सुचतायत!"

मुलीनं वही मिटली. "बरं, सर," म्हणाली आणि जिना उतरून गेली. त्यानंतर तिनं सरांना काही विचारलं नाही.

त्या संध्याकाळी सर जेवायला बसले आणि नुसतेच बसून राहिले. बायकोनं विचारलं, "शाळेत काही झालं का?" "काही नाही," ते म्हणाले. तिनं त्यांच्याकडे निरखून बघितलं आणि ताट झाकून ठेवलं.

गणिताच्या पेपरच्या दिवशी सर फाटकाबाहेर उभे होते. घंटा झाली, पोरं बाहेर पडू लागली. एरवी पेपर संपला की जो गलका होतो तो नव्हता. कुणी मनगट चोळत होतं, कुणी बोटं झटकत होतं. "सर, वेळच पुरला नाही," पहिल्यानं सांगितलं. मग सगळ्यांचं तेच. गणितं ओळखीची होती, पण मांडायची कशी तेच सुचेना. चुकलेलं खोडायचं की नव्यानं लिहायचं, यात वेळ गेला. भूमितीची आकृती काढताना कंपासचं टोक सारखं सरकत राहिलं. एक जण कसनुसं हसत म्हणाला, "पुढची ओळ येईल म्हणून मी थांबूनच राहिलो, सर." खोडरबर दुसऱ्या बाजूनं निघून गेली. तिनं वर बघितलं नाही.

निकाल लागला तेव्हा सरांच्या तुकडीत कधी नव्हे इतकी मुलं गणितात नापास झाली होती. खोडरबर त्यांतलीच एक.

पालकांनी सभा मागितली. शाळेच्या सभागृहात उभं राहायला जागा नव्हती. मंचावर मोठ्या बाई आणि मंडळाचे अध्यक्ष, खाली पहिल्या रांगेत शिक्षक. आवाज चढतच गेला. टॅबनं पोरांचं वाटोळं केलं, असं एक जण म्हणाला, की दहा जणांनी तेच म्हणायचं. अध्यक्षांनी लगेच जाहीर करून टाकलं की टॅब परत पाठवू, विषय संपला. तेवढ्यात कुणीतरी पहिल्या रांगेकडे हात केला. "या नव्या बाई आल्या आणि तेव्हापासून ही नाटकं सुरू झाली. आमचे कंपास सर इतकी वर्षं शिकवतायत, कधी झालं होतं असं?"

सगळ्या माना धाकट्या बाईंकडे वळल्या. त्यांच्या तुकडीचा निकाल नेहमीसारखाच लागला होता, पण त्या गदारोळात ते ऐकतंय कोण? त्या उठल्या, काहीतरी बोलायला तोंड उघडलं, आणि आवाजच फुटला नाही. मोठ्या बाई टेबलावरचे कागद सारखे करत बसल्या.

सर उभे राहिले. त्यांना बघून सभागृह आपोआप शांत झालं. आपल्या बाजूनं कुणीतरी बोलणार म्हणून लोक सरसावून बसले.

"बाईंचा यात काही संबंध नाही," सर म्हणाले. "टॅबचाही नाही. बाईंच्या वर्गात टॅबही होते आणि दर आठवड्याला हातानं पेपरही लिहून घेतला जायचा. तिथली मुलं पास झाली. माझ्या वर्गात वह्या बंद केल्या त्या मी. बाई सांगत होत्या, मी ऐकलं नाही. उलट त्यांना चारचौघांत हसलो."

"पण का, सर?" मागून एका बापानं विचारलं. आवाजात राग नव्हता, त्याला कोडं पडलं होतं.

सरांनी खिशातून हात काढला आणि समोर धरला. हात थरथरत होता. इतक्या लोकांसमोर जरा जास्तच. "हे कुणाला दिसू नये म्हणून," ते म्हणाले. "वह्या असत्या तर मला लिहून दाखवावं लागलं असतं."

कुणी चुकचुकलं. आता कुणीतरी सावरून घेईल, झालं गेलं म्हणेल, असं क्षणभर वाटलं. पण मधल्या रांगेतली एक आई उठली. तिचा मुलगा नापास झाला होता.

"म्हणजे तुमचा हात झाकायला आमच्या पोरांचं वर्ष गेलं?"

"हो," सर म्हणाले.

सर तसेच उभे राहिले. बसावं की जावं हे त्यांना कळत नव्हतं. शेवटी धाकट्या बाईंनीच त्यांची खुर्ची मागे ओढून दिली.

टॅब परत गेले नाहीत. सरांचा वर्ग मात्र गेला. काही पालकांनी लेखी तक्रार केली. मंडळानं सरांना समज दिली आणि खालच्या वर्गांवर टाकलं. शिक्षकांच्या खोलीत ते आले की बोलणं जरा अडखळायचं. तब्येतीची चौकशी सगळे करायचे, पण शेजारी येऊन बसायचं कुणी नाही. एक दिवस धाकट्या बाई एकट्या सापडल्या, तेव्हा सर म्हणाले, "तुमची माफी मागायची राहून गेलीय."

बाईंनी हातातलं काम थांबवलं. "सभेत बोललात, त्याला धीर लागतो, सर. मी मानते ते. पण त्या दिवशी सगळे हसले ना, तेव्हा मी घरी जाऊन रडले होते. नोकरी सोडावी म्हणत होते." मग थोड्या वेळानं म्हणाल्या, "फेरपरीक्षेच्या मुलांचा वर्ग मी दुपारी घेतेय."

"मी मदतीला येऊ?"

"मुलांना विचारून सांगते."

मुलं नको म्हणाली. बाईंनी ते शक्य तेवढ्या हळुवारपणे सांगितलं. तेव्हा सर शेजारच्या रिकाम्या खोलीत बसायला लागले. टॅबवर डाव्या हाताच्या बोटानं सरावाचे पेपर तयार करायचे, प्रत्येक खेपेला नवी गणितं, सोप्याकडून अवघडाकडे. बाई ते छापून मुलांकडून कागदावर सोडवून घ्यायच्या. मुलांना पेपर कोण काढतंय ते माहीत होतं की नाही, सरांनी कधी विचारलं नाही. भिंतीपलीकडे पेनांचा आवाज येत नाही, पण पानं उलटल्याचा येतो. तो ऐकत ते बसून राहायचे.

फेरपरीक्षेत बहुतेक जण सुटले. खोडरबरही सुटली. पण तोवर पदविकेच्या जागा भरून गेल्या होत्या.

सरांना ती भेटली त्यानंतर बऱ्याच दिवसांनी, डॉक्टरांच्या इमारतीत. लिफ्ट बंद होती. दार उघडं टाकलेलं, आत खोलवर तिचे वडील काम करत होते आणि ती बाहेर हत्यारांच्या पेटीजवळ बसून विजेरी धरून होती. सरांबरोबर बायको होती. सरांचा चेहरा बघून ही शाळेतलीच मुलगी असणार, हे तिनं ओळखलं. "तुम्ही या सावकाश," असं म्हणून ती जिन्याकडे गेली.

"पास झालीस असं कळलं," सर म्हणाले.

"हो, सर."

"आता?"

"पुढच्या वर्षी अर्ज भरीन. तोवर बाबांबरोबर."

आतून ठोकण्याचा आवाज येत होता. "त्या दिवशी मी तुझी वही बघायला हवी होती," ते म्हणाले.

"हो," मुलगी म्हणाली. जाऊ द्या, असं ती म्हणाली नाही. विजेरी या हातातून त्या हातात घेत ती पुढे म्हणाली, "मला वाटलं, मी ढ आहे म्हणून तुम्ही टाळताय. परीक्षेतसुद्धा तेच डोक्यात होतं. सरांनाच वाटत नाही मला येईल असं, मग कुठून येणार?"

हे त्यांच्या कधी मनातही आलं नव्हतं. वह्यांचा, वेगाचा, पायऱ्यांचा सगळा हिशेब त्यांनी कित्येकदा मांडला होता. हे मात्र त्यात कुठेच नव्हतं.

"तसं नव्हतं गं," ते कसेबसे म्हणाले.

"आता माहितेय ना. तेव्हा कुठे माहीत होतं?" तिच्या बोलण्यात टोचणी नव्हती, हेच जास्त लागलं. "सांगायचं होतंत, सर."

"तुम्ही हसला असता."

तिनं खरंच विचार केला. "हसलो असतो," ती म्हणाली. "एक दिवस."

"अगं, उजेड कुठे नेलास?" आतून वडील ओरडले. "आले, आले," म्हणत ती वाकली आणि विजेरीचा झोत खाली सोडला.

सर जिना चढायला लागले. दुसऱ्या मजल्यावर बायको कठड्याला धरून उभी होती. तिनं विचारलं, "काय म्हणाली?"

सरांनी सांगायला सुरुवात केली, पण शब्द जुळेनात. तिनं घाई केली नाही. डॉक्टरांकडे अजून नंबर लागायचा होता. दोघं तिथेच पायरीवर बसली, आणि मग त्यांनी तिला सगळं सांगितलं. मुलगी काय म्हणाली ते, आणि व्हरांड्यात त्या दिवशी आपण काय ओरडलो होतो तेही.